महिना ४०० रुपयांत प्राणिचाचणी नसलेलं, पर्यावरणाला सोसेल असं स्किनकेअर: काय पाहून घ्यावं?

जास्वंद (धागाकर्ती)

चेहऱ्यासाठी तीनच वस्तू निवडायच्या आहेत: धुण्यासाठी काहीतरी, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. एका माणसाचा महिन्याचा खर्च ४०० रुपयांच्या आत बसला पाहिजे. त्वचा मिश्र, कपाळ आणि नाक तेलकट, गाल थंडीत फुटतात, गालांवर थोडे वांग. पाणी बोअरचं, क्षाराचं. ऊन नगरचं, म्हणजे वेगळं सांगायला नको.

प्राण्यांवर चाचणी झालेली नसावी आणि सांडपाण्यात किंवा कचऱ्यात जाऊन त्रास देणारं शक्य तितकं कमी असावं, या दोन अटी. दुकानात मात्र निम्म्या बाटल्यांवर ससा आणि उरलेल्यांवर हिरवं पान. म्हणून नेमके प्रश्न विचारते. भारतात चाचणीवर बंदी आहे, मग सशाचं चिन्ह पाहायचं कशाला? साबण-क्रीमवरचा हिरवा ठिपका काय सांगतो? ब्रँड छोटा आणि मालक भला मोठा समूह, असं असेल तर काय धरायचं? 'रीफ सेफ' (प्रवाळांना सुरक्षित) सनस्क्रीनला अर्थ आहे का? आणि मुलतानी माती, डाळीचं पीठ, कोरफड एवढ्यावर भागवलं तर हे सगळंच टळेल का?

ब्रँडची यादी नको, निकष हवेत.

लेबलवाचक

कायद्यापासून सुरुवात करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ च्या मे महिन्यात बंदी आली. परदेशात प्राण्यांवर तपासलेली प्रसाधनं आयात करायलाही त्याच वर्षी १२ नोव्हेंबरपासून बंदी आहे. त्यामुळे इथे बनलेल्या फेसवॉशवर 'नॉट टेस्टेड ऑन अ‍ॅनिमल्स' लिहिलं असेल, तर कंपनीने कायदा पाळला एवढंच त्यातून कळतं. त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

मग सशाचं चिन्ह कशासाठी? बंदीतून निसटणाऱ्या तीन जागांसाठी. एक, कच्चा माल. क्रीम पुण्यात बनतं, पण त्यातला इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव करणारा घटक) किंवा फिल्टर (ऊन अडवणारा घटक) बाहेरून येतो आणि तो ज्या देशात बनला तिथे रसायन म्हणून त्याची चाचणी झालेली असू शकते. दोन, तीच कंपनी इतर देशांत काय करते. चीनमध्ये आयात होणाऱ्या साध्या प्रसाधनांना मे २०२१ पासून ठरावीक कागदपत्रांवर प्राणिचाचणीतून सूट मिळते. सनस्क्रीन, केसांचा रंग आणि गोरेपणाची क्रीमं मात्र तिथे 'विशेष' वर्गात मोडतात आणि त्यांना ही सूट नाही. तीन, औषधं. मुरमांचं किंवा बुरशीचं मलम औषधाच्या परवान्यावर विकलं जातं. त्याला प्रसाधनांचा नियम लागू नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर ते घ्यावं, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

आता चिन्हांचं वजन. 'लीपिंग बनी' सगळ्यात कडक. कंपनीला एक ठाम तारीख जाहीर करावी लागते. त्या तारखेनंतर ना तयार मालाची, ना घटकांची, ना पुरवठादाराकडून चाचणी. त्यावर दरवर्षी नूतनीकरण आणि बाहेरच्या माणसाकडून तपासणी. 'पेटा' या प्राणिहक्क संस्थेची यादी मुख्यतः कंपनीच्या लेखी हमीवर चालते. तिच्यात 'चाचणीमुक्त' आणि 'चाचणीमुक्त व व्हीगन' असे दोन वर्ग आहेत, तर कुठला ते पाहायचं. आपल्याकडची जुनी संस्था म्हणजे पुण्याची 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी', १९७४ पासूनची. घटक प्राणिज आहे की नाही हे शोधताना तिची माहिती फार उपयोगी पडते. या तिन्हींपैकी एकही नाव नसलेला, कंपनीच्या डिझायनरने काढलेला ससा म्हणजे नुसतं चित्र. खात्री संस्थेच्या संकेतस्थळावर ब्रँडचं नाव शोधून करायची, बाटलीकडे बघून नाही. आणि हेही लक्षात ठेवा, की लहान उत्पादक फी आणि कागदपत्रांमुळे बरेचदा चिन्ह घेतच नाहीत. त्यांना सरळ ईमेल करा: 'तुमचे पुरवठादार घटकांची चाचणी करतात का, आणि कोणत्या तारखेपासून करत नाहीत?' तारीख देणारा उत्पादक विश्वासाचा. 'आम्ही निसर्गावर प्रेम करतो' असं उत्तर आलं तर पुढचं दुकान.

हिरवा ठिपका फक्त घटक शाकाहारी आहेत एवढं सांगतो. चाचणीशी त्याचा संबंध नाही. शाकाहारी म्हणजे व्हीगनही नाही; दूध, मध, मधमेण हिरव्या ठिपक्यात बसतं. लेबलवर हे शब्द शोधा: सेरा अल्बा किंवा बीझवॅक्स (मधमेण), लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतली चरबी), कार्माइन किंवा सीआय ७५४७० (कीटकांपासूनचा लाल रंग), शेलॅक (लाख), कोलॅजन, केराटिन. 'स्क्वॅलीन' शार्कच्या यकृतातून येऊ शकतं, तर हल्लीच्या क्रीममधलं 'स्क्वॅलेन' बहुधा ऑलिव्ह किंवा उसापासूनचं असतं आणि चांगला उत्पादक ते लिहितो. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल दोन्हीकडून येतं, नुसत्या नावावरून ओळखता येत नाही.

आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक नसेल तर तो घेऊच नका. तो माल आपल्या नियमांच्या बाहेरून आलेला असतो, म्हणजे वरची सगळी बंदी त्याला लागूच झालेली नाही. विशेषतः नाव-गाव नसलेली गोरेपणाची क्रीमं. त्यांत पारा सापडतो; तो मूत्रपिंडाला घातक आणि मोरीतून पुढे मासळीत जाणारा. वांगांवर कुणी असली डबी सुचवली तर हात जोडा.

उंटावरचा_शहाणा

मालकीच्या प्रश्नावर. २००६ मध्ये 'द बॉडी शॉप' लॉरिआलने घेतलं तेव्हापासून हा वाद आहे. अलीकडचं उदाहरण म्हणजे २०२५ च्या जानेवारीत हिंदुस्थान युनिलिव्हरने मिनिमलिस्ट या स्किनकेअर ब्रँडमधला ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. दोन्ही बाजूंना तर्क आहे. नफा शेवटी समूहाकडे जातो हे खरं. पण मोठ्या समूहाच्या चाचणीमुक्त मालाला गिऱ्हाईक आहे, हे त्याला कळण्याचा दुसरा मार्गही नाही. चिन्ह ब्रँडला मिळतं, मालकाला नाही. माझं मत विचाराल तर ४०० रुपयांच्या बजेटमध्ये मालकी हा शेवटचा निकष ठेवा. आधी घटक, मग पॅकिंग, मग भाव, आणि दोन वस्तू सारख्याच ठरल्या तरच मालक.

साबणवाला

धुण्याच्या वस्तूबद्दल. तुमची खरी अडचण बोअरचं पाणी आहे आणि त्यावर निवड ठरते.

साबण म्हणजे तेल अधिक कॉस्टिक. त्याचा पीएच ९ ते १० असतो, तर त्वचेचा ५ च्या आसपास. शिवाय क्षाराच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा पांढरा थर तयार करतं. बादलीच्या कडेला बसतो तोच थर गालावर बसतो. धुतल्यावर चेहरा 'खेचल्यासारखा' वाटतो त्यामागे ही दोन कारणं. उपाय म्हणजे सिंडेट, म्हणजे साबण नसलेली वडी. लेबलवर पहिल्या दोन-तीन घटकांत 'सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट' दिसलं की ओळखा. हे नारळाच्या तेलापासून बनतं, क्षाराच्या पाण्यात साका धरत नाही, पीएच ५.५ ते ७ च्या दरम्यान ठेवता येतो आणि सांडपाण्यात सहज विघटित होतं. फेसवॉशपेक्षा वडी घ्या म्हणतो त्याची कारणं दोन: फेसवॉशमधलं पाणी विकत घ्यावं लागत नाही आणि कागदी खोक्यात मिळते. ७५ ग्रॅमची वडी दीडशे रुपयांची धरली आणि फक्त चेहऱ्याला वापरली, तर दोन महिने आरामात जाते. अट एकच, ती पाण्यात बसता कामा नये. भोकांची साबणदाणी हवी. ओल्यात राहिली तर सिंडेट साबणापेक्षा लवकर लगदा होते आणि हिशेब कोलमडतो.

दिवसातून एकदाच, रात्री. सकाळी नुसतं गार पाणी. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: धुऊन टाकायच्या वस्तूंमध्ये बाटलीपेक्षा गरम पाण्यालाच ऊर्जा जास्त लागते. चेहऱ्यासाठी गीझर न लावणं हा फुकटातला पर्यावरणपूरक उपाय आहे.

अंगासाठी साधा साबण चालेल. 'टॉयलेट सोप ग्रेड १' म्हणजे टीएफएम (वडीतलं एकूण स्निग्ध आम्लांचं प्रमाण) किमान ७६ टक्के, ग्रेड २ म्हणजे ७०, ग्रेड ३ म्हणजे ६०. 'बेदिंग बार' हा वेगळा वर्ग, त्यात टीएफएम याहून कमी असू शकतं. टीएफएम जास्त म्हणजे वडी सावकाश झिजते. स्वस्त वडी महाग पडते ती इथे. 'सोडियम टॅलोएट' म्हणजे गुरांची चरबी. देशी साबणात क्वचित दिसेल, आयात साबणात नजर ठेवा.

'सोडियम पामेट' दिसलं की लोक वडी परत ठेवतात. थोडं थांबा. बोर्निओ-सुमात्रात जंगलं तोडून पाम लावला गेला हे खरंच आहे. पण पाम हेक्टरी सरासरी तीन टनांच्या आसपास तेल देतो आणि खोबरेल एक टनाच्याही आत. सगळे साबण उद्या नारळावर गेले तर जमीन कितीतरी पट जास्त लागेल. तेव्हा 'पाम फ्री' या शिक्क्यापेक्षा तेल आरएसपीओ (शाश्वत पाम तेलासाठीची संस्था) प्रमाणित आहे का हे विचारणं जास्त कामाचं.

टाळायचे दोन घटक. ट्रायक्लोसान: जलचरांना त्रासदायक, आणि घरगुती साबणात तो साध्या साबणापेक्षा जास्त काम करतो याचा पुरावा नाही, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २०१६ मध्ये हात-अंग धुण्याच्या साबणांतून तो काढायला लावला. दुसरा टेट्रासोडियम ईडीटीए, जो विघटित व्हायला फार वेळ घेतो. हा मात्र जवळजवळ प्रत्येक स्वस्त वडीत असतो, त्यामुळे पर्याय मिळाला तर टाळा, नाही मिळाला तर झोप उडवून घेऊ नका. 'सोडियम फायटेट' किंवा 'सोडियम ग्लुकोनेट' असेल तर उत्तम.

जास्वंद

फार उपयोगी. म्हणजे वडीचे महिन्याला ७५ रुपये. मग स्क्रब लागतच नाही का?

साबणवाला

नाही. अक्रोडाच्या सालीचे तुकडे टोकदार असतात, चेहऱ्याला ओरखडे पाडतात. प्लास्टिकचे मणी असलेले स्क्रब तर नकोच. लेबलवर पॉलिइथिलीन दिसलं की ठेवून द्या. मऊ सुती पंचा ओला करून आठवड्यातून एकदा हलक्या हाताने फिरवला तरी पुरतं.

तारामासा

सनस्क्रीन. तुमच्या बजेटचा मोठा वाटा इथे जाणार आणि जायलाच हवा, कारण वांगांवर दुसरं काहीही लावलं तरी ऊन अडवलं नाही तर ते फुकट.

आधी मात्रा. डबीवरचा एसपीएफ (यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण, अडवण्याचा आकडा) हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. चेहरा आणि मानेला ते साधारण १ ग्रॅमच्या वर भरतं, म्हणजे तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. बहुतेक जण याच्या निम्मं किंवा त्याहून कमी लावतात आणि मग 'एसपीएफ ५० असूनही काळवंडले' म्हणतात. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतो आणि ५० सुमारे ९८. कमी लावलेल्या ५० पेक्षा पुरेसा लावलेला ३० बरा. ५० ग्रॅमची ४०० रुपयांची ट्यूब दिवसातून एकदा लावून जेमतेम ५० दिवस, म्हणजे दिवसाला ८ आणि महिन्याला २४० रुपये. यूव्हीए, म्हणजे खोलवर जाणाऱ्या अतिनील किरणांसाठी, किमान 'पीए+++' पाहा.

दुपारी पुन्हा लावायचं तर खर्च दुप्पट. तो वाचवायचा मार्ग कपड्यात आहे. रुंद काठाची टोपी, गाडीवर सनकोट आणि स्कार्फ. स्कार्फ घट्ट विणीचा, गडद रंगाचा हवा. पांढरी पातळ सुती ओढणी फार कमी अतिनील किरण अडवते, ओली झाली तर त्याहून कमी. उजेडाकडे धरून आरपार बघा, जितकं दिसेल तितकं ऊन आत.

वांगांसाठी एक खास मुद्दा. वांग अतिनील किरणांनी वाढतात, तसे दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतात, आणि साधी पारदर्शक सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही. आयर्न ऑक्साइड असलेली, म्हणजे रंगछटा असलेली सनस्क्रीन अडवते. झिंक ऑक्साइड या खनिज फिल्टरने गव्हाळ चेहऱ्यावर जो राखाडी पांढरेपणा येतो तोही या छटेमुळे झाकला जातो. म्हणून तुमच्यासाठी: झिंक ऑक्साइड, छटा असलेली, एसपीएफ ३० ते ५०.

'रीफ सेफ' या शब्दाला ठरलेली कायदेशीर व्याख्या नाही. हवाईने २०१८ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली. पलाऊनेही २०२० पासून असेच निर्बंध आणले. लेबलवर ही दोन्ही वेगळ्या नावाने येतात: 'बेंझोफिनोन-३' आणि 'एथिलहेक्सिल मेथॉक्सिसिनॅमेट'. दुसरं आपल्याकडच्या स्वस्त सनस्क्रीनमध्ये सर्रास असतं. प्रवाळांना सगळ्यात मोठा धोका समुद्र तापण्याचा आहे, सनस्क्रीनचा त्यामानाने कमी, हेही स्पष्ट सांगायला हवं. नगरात राहून या दोन घटकांची धास्ती घेण्याचं कारण नाही. मात्र तारकर्ली-मालवणला स्नॉर्केलिंगला जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला आणि उघड्या भागालाच सनस्क्रीन लावा. पाण्यात उतरण्याआधी २० मिनिटं, नाहीतर निम्मं समुद्रातच. झिंकही 'नॅनो नसलेलं' बरं, कारण अतिसूक्ष्म कण जलचरांना त्रासदायक ठरू शकतात.

चाचणीच्या बाबतीत सनस्क्रीन हीच सगळ्यात अवघड वस्तू. युरोपात प्रसाधनांसाठी प्राणिचाचणीवर २०१३ पासून पूर्ण बंदी आहे, तरी तिथल्या रसायन संस्थेने होमोसॅलेट आणि २-एथिलहेक्सिल सॅलिसिलेट या दोन फिल्टरांसाठी कामगारांच्या सुरक्षेच्या कारणाने प्राण्यांवरच्या चाचण्या मागितल्या. उत्पादक कंपनी कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टात हरली. म्हणजे प्रसाधनाचा कायदा एक म्हणतो, रसायनांचा दुसरा. 'शंभर टक्के' हा शब्द सनस्क्रीनवर दिसला तर तो जाहिरातीचा समजा. झिंक ऑक्साइड घेतलं तर निदान या दोन फिल्टरांच्या वादातून तुम्ही बाहेर.

रिठा

घरच्या गोष्टींवर मी लिहिते. भागेल का, तर धुणं थोडंफार भागेल, सनस्क्रीन अजिबात नाही. गाजराच्या बियांचं तेल, खोबरेल, चंदन यांपैकी कशालाही भरवशाचा एसपीएफ नाही.

डाळीचं पीठ धुण्यासाठी चांगलं, पण मसूर डाळ घरी दळून वस्त्रगाळ करा. चाळणीतून काढलेलं पीठ खरखरीत राहतं. अर्धा चमचा पीठ तळहातावर पाण्यात कालवा, २० ते ३० सेकंद फिरवा आणि धुवा. वाळू देऊन चोळून काढायचं नाही. मुलतानी माती आठवड्यातून एकदा, फक्त कपाळ-नाकावर: एक मोठा चमचा माती, भिजेल इतकं पाणी, ८ ते १० मिनिटं, आणि पूर्ण सुकायच्या आत धुवायची. तडे जाईपर्यंत ठेवली तर माती त्वचेतलं पाणी ओढते आणि दुसऱ्या दिवशी गाल उलतात. माती ही खाणीतून निघते, उगवत नाही. तेव्हा 'नैसर्गिक' म्हणून बादलीभर वापरण्यात शहाणपण नाही.

लिंबू चेहऱ्याला नको. पीएच २ च्या आसपास, आणि त्यातले काही घटक उन्हात त्वचा भाजून काळे डाग पाडतात. वांग असणाऱ्याने तर लांबच राहावं. खायचा सोडा उलट टोकाला, पीएच ८ च्या वर. दोन्ही एकत्र करून फेस आला की लोकांना काहीतरी घडतंय असं वाटतं. उरतं ते नुसतं खारट पाणी.

कोरफडीचं पान कापलं की उभं धरून १५-२० मिनिटं पिवळा चीक निथळू द्या. खाज उठते ती बहुतेक त्या चिकाने. मग साल काढून गर घ्या. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे टाका. बाजारातलं हिरवंगार जेल म्हणजे रंग. गराला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. लेबलवर सीआय १९१४० आणि सीआय ४२०९० म्हणजे पिवळा अधिक निळा.

पाणी असलेलं कोणतंही घरगुती मिश्रण, म्हणजे गुलाबपाणी-ग्लिसरीन, कोरफड-तेल वगैरे, टिकवणारा घटक नसेल तर तीन दिवसांत जिवाणूंचं घर होतं, आणि वास यायच्या बऱ्याच आधी. व्हिटॅमिन ईच्या गोळ्या फोडून टाकल्याने ते टिकत नाही. ई तेलाला खवट होण्यापासून थोडं वाचवतं, जिवाणूंना नाही. म्हणून ग्लिसरीन थेट वापरा: औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन, ओल्या तळहातावर दोन-तीन थेंब, चेहरा ओला असतानाच. कोरड्या चेहऱ्यावर शुद्ध ग्लिसरीन चुरचुरतं आणि चिकटतं.

गालांसाठी तेल हवं असेल तर खोबरेलऐवजी घाण्याचं करडईचं. सोलापूर-परभणीकडे सहज मिळतं, हलकं असतं आणि खोबरेलाइतकी छिद्रं बुजवत नाही. रात्री ओल्या गालांवर तीन थेंब, कपाळाला नाही. मात्र ते लवकर खवटतं. ३० मिलीची गडद बाटली बाहेर, बाकीचं स्वयंपाकात.

आणि एक टोचणारी गोष्ट. रिठा नैसर्गिक आहे, विघटित होतो, पण त्यातलं सॅपोनिन माशांना विषारी आहे. रिठ्याचं पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. 'झाडापासून' आणि 'निरुपद्रवी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डबा_बाटली

रिकाम्या ट्यूबचं उत्तर तुमच्या भंगारवाल्याकडे आहे, कंपनीच्या बाणांच्या त्रिकोणात नाही. त्रिकोणात १ (पेट), २ (एचडीपीई) किंवा ५ (पीपी) असेल तर कडक बाटलीला भाव मिळतो. आतून चंदेरी पापुद्रा असलेली ट्यूब म्हणजे प्लास्टिक-अ‍ॅल्युमिनियमचे चिकटवलेले थर. कुणी घेत नाही. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची, दाबली की दबलेलीच राहणारी ट्यूब घेतात. पंपात धातूची स्प्रिंग असते, तो वेगळा काढा. टाकू नका, पुढची बाटली बिनपंपाची, झाकणाची घ्या आणि तोच बसवा. मानेचं माप जुळलं पाहिजे. २४/४१० आणि २८/४१० ही दोन मापं जास्त चालतात.

काचेची बरणी पुन्हा वापरणार असाल तरच काच. नाहीतर तिचं वजन वाहून आणण्यातच बरंच इंधन जातं. सॅशे टाळा म्हणणं सोपं, पण शॅम्पूचा सॅशे बरेचदा मिलीमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडतो, म्हणून लोक घेतात. पर्यावरणाचा भार मात्र त्यातच सगळ्यात जास्त: कित्येक थर, वजन नगण्य, गोळा करणारा कुणी नाही. ट्यूब संपली वाटली की शेपटीकडून दोन बोटं खाली कापा. आत आठवडाभराचं सनस्क्रीन सापडतं. कापलेलं तोंड उरलेल्या भागाने टोपीसारखं झाका.

तीन वस्तू तीन पार्सलांत मागवू नका. एकत्र मागवा, किंवा गावातल्या दुकानातून घ्या.

जास्वंद

वडी ७५, सनस्क्रीन २४०. मॉइश्चरायझरला ८५ उरले. एक २०० मिलीची बाटली ३०० रुपयांची दिसते आहे. लेबल उतरवते: पाणी, ग्लिसरीन, सेटिअरिल अल्कोहोल, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, नायसिनमाइड, सेरा अल्बा, सायक्लोपेंटासिलोक्सेन, फिनॉक्सिइथेनॉल, कोरफड अर्क, केशर अर्क, झॅन्थन गम, सुगंध. पुढे मोठ्या अक्षरात 'केशर व कोरफडयुक्त', हिरवा ठिपका, बिननावाचा ससा.

लेबलवाचक

क्रमाने वाचू. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात. १ टक्क्याच्या खालचे मात्र कसेही लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल १ टक्क्याच्या वर घालत नाहीत, म्हणून ती खूणगाठ. त्याच्या पुढचं सगळं १ टक्क्याच्या खाली. म्हणजे केशर आणि कोरफड नावापुरती, लग्नपत्रिकेवरच्या 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' इतकीच.

कामाचा भाग चांगला आहे. ग्लिसरीन दुसऱ्या जागी, नायसिनमाइड (ब३ जीवनसत्त्व) पाचव्या, म्हणजे बहुधा १ टक्क्याच्या वर. वांगांना थोडी मदत. सेटिअरिल अल्कोहोल नावाला घाबरू नका, ते मेणासारखं असतं, त्वचा कोरडी करत नाही. सेरा अल्बा म्हणजे मधमेण: हिरवा ठिपका बरोबर, पण व्हीगन नाही. तुमची अट चाचणीची होती, त्यामुळे हे तुम्ही ठरवा. सायक्लोपेंटासिलोक्सेन, म्हणजे डी५, पर्यावरणात फार टिकतं. युरोपने धुऊन टाकायच्या वस्तूंत त्याला २०२० पासून ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आणि लावून ठेवायच्या वस्तूंपर्यंतही नियम आणला. तुमच्या दुसऱ्या अटीवर ही बाटली इथे नापास. सुगंध वांग असलेल्या चेहऱ्याला नसलेला बरा.

भावाचं म्हणाल तर दीड रुपया मिली, रात्री १ मिली, महिन्याला ४५. भाव हाच धरा आणि अशी बाटली शोधा: ग्लिसरीन पहिल्या तीनांत, नायसिनमाइड असेल तर २ ते ५ टक्के आकडा छापलेला, शेवट '-सिलोक्सेन' असलेलं काही नाही, सुगंध नाही. या भावात मिळतात. सकाळी कपाळ तेलकट असेल तर मॉइश्चरायझर गाळा, थेट सनस्क्रीन लावा.

जास्वंद

शोधते. नवीन बाटली घेण्याआधी सॅशेवर चाचपणी करून बघावी का?

रिठा

एका सॅशेने ती होत नाही, एक-दोनदा लावून संपतो. अ‍ॅलर्जी दिसायला दिवस लागतात. दुकानातल्या टेस्टरमधून छोट्या स्वच्छ डबीत दोन-तीन ग्रॅम मागून घ्या. कानामागे आणि जबड्याच्या कडेला, रोज रात्री एकाच जागी, पाच दिवस, धुवायचं नाही. खाज, लाली किंवा बारीक पुरळ आला तर थांबा. आणि तीनही वस्तू एकाच आठवड्यात सुरू करू नका. आधी वडी, दहा दिवसांनी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन. नाहीतर पुरळ आला तर कशाने आला ते कळणार नाही. ऊन कडक असेल तर तोवर टोपी आणि स्कार्फ आहेच.